मंदाताईंच्या दारात अडलेला हेरिटेज वॉक

२०२३ सालचा चैत्र होता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नवा हेरिटेज वॉक सुरू व्हायचा होता, आणि दर रविवारी तो आपणच न्यायचा, असं इंदुताईंनी सत्तरी उलटल्यावर मनाशी पक्कं केलं होतं. अडचण एकच, दिनकररावांनाही तो हवा होता! निवृत्त प्राध्यापक. सनावळी परवचा म्हटल्यासारखी म्हणायचे.

वॉकचं सगळं बघणाऱ्या शिखाने तोड काढली. "ताई, या रविवारी तुम्ही न्या. अंधार पडायच्या आत दौलतगंजातून बाड्याच्या चौकात पोचलात तर वॉक तुमचा. नाहीतर दिनकरकाकांचा."

"अगं, जन्म गेला या गल्ल्यांत! डोळे मिटून नेईन!"

सुरुवात झकास झाली. या खिडकीतून दसऱ्याची स्वारी कशी दिसायची, त्या ओट्यावर कोण पान खात बसायचं, इंदुताई सांगत होत्या आणि दिल्ली-इंदूरचे पाहुणे माना डोलवत होते. 'सहज' आलेले दिनकररावही कान देऊन ऐकू लागले.

वाटेत मंदाताईंचं घर. तिथे चैत्रगौरीचं हळदीकुंकू!

"हेही हेरिटेजच. जरा डोकावू," इंदुताई म्हणाल्या.

डोकावतात कुठले! कुंकू झालं, कैरीची डाळ झाली, पन्हं झालं. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, तर दिल्लीच्या मुलीला पदरच नाही. तिने टोपी पुढे केली!

बाहेर पडतात तोच समोरच्या दारात सुमनताई कमरेवर हात ठेवून उभ्या. "का हो इंदुताई? मंदाची तेवढी गौर, आणि आमची काय बाहुली?"

आता एकीचं कुंकू घेऊन दुसरीचा उंबरा ओलांडून जायचं म्हणजे नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरेल असं भांडण. गेले सगळे. वरच्या खिडकीतून शालिनीताईंनी हे पाहिलं. मग त्यांच्याकडे. मग त्यांच्या जावेकडे. बातमी वॉकच्या पुढे धावत होती!

"ताई, अब चलो ना! सूरज डूब रहा है!" शिखा रडकुंडीला आली.

"कुंकवाला नाही म्हणतात का गं?" असं म्हणत इंदुताईंनी तिलाही आत ढकललं.

पुरुष मंडळी ओट्यावर पन्हं पीत बसली होती. इंदूरच्या पाहुण्यांनी ढेकर देत विचारलं, "अगला मॉन्युमेंट कौन-सा है?"

"सामनेवाला घर," इंदुताईंचे यजमान मधुसूदनराव शांतपणे म्हणाले आणि त्यांनी रिकामा पेला पुढे केला.

तिकडे बाड्यावर दिवे लागले. वॉक अजून त्याच गल्लीत! इंदुताईंनी शिखाकडे पाहिलं. शिखाने हरभऱ्यांकडे पाहिलं.

वॉक दिनकररावांना मिळाला. ते वेळेच्या आधी बाड्यावर पोचतात, आणि लोक त्यांना डाळ कुठे मिळते ते विचारतात. दिल्लीच्या मुलीने ती टोपी धुतलेली नाही म्हणे. आधी कोणाकडे जायला हवं होतं, यावरून मंदाताई आणि सुमनताई अजून एकमेकींशी बोलत नाहीत. मधुसूदनरावांना पन्हं वर्ज्य झालं आहे.

इंदुताईंना शिखाने परत बोलावलं, दिनकररावांच्या जोडीने गोष्टी सांगायला. अट एकच, ओळखीच्या गल्लीत शिरायचं नाही. दर रविवारी त्या नीटनेटकी साडी नेसून तयार होतात. पण लष्करात बिनओळखीची एकही गल्ली त्यांना अजून सापडलेली नाही!