शिंगाडेनानांची तपासणी

सरकारी खरेदीच्या अटी लिहिण्याआधी वस्तू स्वतः वापरून बघायची, हे आमच्या ऑफिसातल्या शिंगाडेनानांचं खूळ. अंगणवाडीच्या खुर्च्या घ्यायच्या होत्या, तेव्हा नमुन्याच्या खुर्चीत ते असे रुतून बसले की मला त्यांचे हात आणि शिपायाला खुर्ची धरून ओढावं लागलं. सुटल्यावर कंबर चोळत म्हणाले, "पोरांसाठी बराबर हाय."

खरं तर आमच्याकडे अटी तयार करणं म्हणजे जुनी फाइल काढायची, साल बदलायचं आणि सही घ्यायची. नानांना ते पटत नाही. त्यांचा एकच सवाल, "वापरणार कोण?" ते आमचे शेजारीही आहेत, त्यामुळे घरीसुद्धा सुटका नाही. माझी बायको साधी कढई आणायला निघाली तरी हा माणूस दारातून विचारणार, "वापरणार कोण, वहिनी?"

परवा दिव्यांगांना वाटायच्या चाकाच्या खुर्च्यांच्या अटी लिहायच्या होत्या. दुकानदाराने एक खुर्ची नमुना म्हणून दिली, संध्याकाळी परत करायच्या बोलीवर. साहेब म्हणाले, मागच्याच अटी टाका.

"मागच्या खुर्च्या घराच्या दारातून आत जात न्हाईत, साहेब," नाना म्हणाले. "लोकांनी अंगणात ठेवल्यात. त्यात कोंबड्या बसून राह्यल्यात."

आणि स्वतः खुर्चीत बसून मला म्हणाले, "ढकल. बाजारातून घे."

बाजाराचाच दिवस. धडधाकट नाना खुर्चीत आणि मागे घामाघूम मी. नानांना लकवा मारला, ही बातमी आमच्या पुढे पळत होती. एकाने शहाळं हातात दिलं. अंकुशनगरहून आलेल्या त्यांच्या मेहुणीने तर भर रस्त्यात गळा काढला, "आधी आक्का अंथरुणाला खिळली, आता दाजी तुम्ही बी!"

"मला काई झालं न्हाई. जरा बाजूला हो, खड्डा बघून राह्यलो," नाना म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाजार संपल्यावर त्यांनी खुर्ची आमच्या गल्लीत, स्वतःच्या घराकडे वळवायला लावली. त्यांनी मागे पदरमोड करून आणलेली खुर्ची त्या दारात अडकली होती, त्यामुळे त्यांच्या बायकोने, कमलकाकूंनी, कित्येक महिन्यांत बाहेरचं ऊन पाहिलं नव्हतं. ही मात्र आत गेली. आम्ही दोघांनी काकूंना उचलून तीत बसवलं.

"कुठं टोचतंय का?"

"पाय लोंबून राह्यलेत."

पायाची पट्टी वरखाली करता यावी, असं नानांनी लिहून घेतलं.

"मंग आता जरा भाईर न्या ना," काकू हळूच म्हणाल्या.

खुर्ची दाराबाहेर आली आणि गल्लीतल्या बायका जमल्या. माझी बायको पिठाच्या हातांनीच धावली. कोणाच्या सुनेला काय झालं, कोणाची म्हैस व्याली, काकू सगळं विचारत होत्या आणि हसत होत्या. नाना पायरीवर बसून नुसते बघत होते.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. दुकानदार खुर्ची न्यायला आला होता.

"तपासणी चालू हाय, साहेब," नाना म्हणाले. "उद्याचा दिवस लागंल."

एवढ्या नोकरीत मी त्यांना साहेबांशी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. फोन खिशात टाकून ते उठले, माझ्याकडे न बघता, आणि काकूंच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्यांनी खुर्ची थोडी वळवली.