अठ्ठाविसाव्या दिवसाचा निकाल

जेवणाच्या टेबलावर अकरा वस्तू होत्या. बँकेची आजच आलेली दोन पत्रं, तीन पेन्सिली (पैकी एक बिनटोकाची), आलेखाचा एक कागद, एक पट्टी, एक कॅलक्युलेटर, चहाचे दोन कप आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला काँक्रीटचा ठोकळा. ठोकळा नवऱ्याच्या प्रयोगशाळेतला. तिथे तो दिवसभर असे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचा आणि कोणता किती भार सोसून फुटला ते लिहून ठेवायचा.

घराच्या कर्जावरच्या जुन्या दराची मुदत संपत आली होती आणि नव्या बँकेनं दोन दर देऊ केले होते. एक स्थिर: पाच वर्षं हप्ता जागचा हलणार नाही. दुसरा सवलतीचा, पण बदलता: बँकेच्या नेहमीच्या दरात थोडी सूट, मात्र नेहमीचा दर चढला की हाही त्याच्या मागोमाग चढणार. आजच्या घडीला बदलता स्वस्त होता.

"स्थिर घेऊ," बायको म्हणाली. ती बस चालवायची. गेली नऊ वर्षं पहाटे साडेतीनला उठून दिवसाची पहिली बस काढायची. "मला दिवसपाळी मागायचीये. पगार कमी होईल, पण हप्ता नक्की कळला तर जमेल. मला न हलणारा एक आकडा दे, बास."

"देतो ना. आधी मोजू तरी."

"किती दिवस?"

"अठ्ठावीस. काँक्रीट ओतल्यावर सातव्या दिवशीचा ताकदीचा आकडा म्हणजे नुसता अंदाज. अठ्ठाविसाव्या दिवशीचा तो निकाल. आणि पत्राची मुदतही अठ्ठावीसच दिवस आहे. बघ कसं जुळून आलंय."

"लग्नाला हो म्हणायलाही यानं असाच महिना लावला होता," त्याची आई मटार सोलता सोलता म्हणाली. "शेवटी तारीख हिनंच ठरवून टाकली."

आलेख फ्रिजच्या दारावर लागला. सकाळ, दुपार, संध्याकाळ असा दिवसातून तीनदा दर बघायचा आणि ठिपका द्यायचा. एकाच्याच नजरेवर विसंबू नये म्हणून दुपारची नोंद आईकडे दिली. आईनं पहिल्या दिवशी लिहिलं, "आहे तिथंच आहे." दुसऱ्या दिवसापासून ती नुसतं "तेच" लिहू लागली. सत्ताविसाव्या दिवसापर्यंत एक्क्याऐंशी नोंदी झाल्या आणि रेघ पट्टीनं मारावी तशी सरळ आली.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो अर्धी रजा टाकून घरी आला. बायको टेबलाशीच झोपली होती. अंगात गणवेश, हातात चमचा, समोर गार झालेला भात. त्यानं तिच्या हातातला चमचा अलगद काढून ठेवला. मग त्यानं आलेखाखाली "स्थिर" असं लिहिलं आणि पाऊल न वाजवता बँकेत गेला.

"मुदत काल संपली," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"कशी संपेल? आज अठ्ठाविसावा दिवस."

"एकोणतिसावा. पत्राच्या तारखेपासून मोजा."

"पत्राचा दिवस शून्य धरायचा असतो, मॅडम. ठोकळा ओतला तो दिवस कुणी मोजत नाही."

"कसला ठोकळा?"

त्यानं सविस्तर सांगितलं. मागच्या रांगेतल्या आजोबांना ते पूर्ण पटलं, पण त्यांना पासबुकच भरून हवं होतं.

"त्यातून आज सकाळी आमचा दर पॉइंट चारनं वाढलाय," बाई म्हणाल्या. "बदलताही चढला आणि नवा स्थिरही."

साडेतीनचा गजर त्याला तिथेच ऐकू आला.

बाई संगणकाच्या पडद्यात डोकावल्या. "थांबा हं. तुमच्या कर्जासाठी जुना स्थिर दर राखून ठेवलेला दिसतोय. सहअर्जदाराची सही आहे. तुमची तेवढी बाकी."

"कधी ठेवला?"

"आठव्या दिवशी. म्हणजे तुमच्या त्या ठोकळ्याच्या हिशेबानं सातव्या."

तो घरी आला तेव्हा बायको जागी होऊन आईला मटार सोलू लागत होती.

"सातव्या दिवशीच जाऊन आलीस?"

"सातव्या दिवशी दोन-तृतीयांश ताकद येते, तूच सांगतोस. माझी तेवढी खात्री झाली होती. तेवढ्यावर मी रोज पन्नास माणसं घेऊन निघते."

"मग पुढचे एकवीस दिवस मला मोजत का बसवलंस?"

"ठिपका देताना तू जीभ बाहेर काढतोस. बघायला बरं वाटतं."

"आणि मी बदलता म्हणालो असतो तर?"

"तर तू सही केली नसतीस." तिनं एक दाणा तोंडात टाकला. "केलीस ना?"

"केली."

"हिला विचार, दिवसपाळीचा अर्ज कधी दिलाय ते," आई म्हणाली. "नाहीतर राहू दे. बसशील परत मोजत."

नव्या कर्जाच्या पहिल्या महिन्यात त्यानं त्याच कागदावर आणखी दोन रकाने आखले आणि टोकदार पेन्सिलीनं भरले. हप्त्यातला बदल: शून्य. बायको उठण्याची वेळ: सहा वाजून चाळीस मिनिटं.