सर्व्हर बसणार आहे

लातूरच्या त्या क्लासमध्ये नेट चालू असलं की कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नासिरला कुणी ओळखत नसे, बंद पडलं की अख्खा क्लास त्याच्या नावानं शंख करी. रस्ता खोदणाऱ्यानं केबल तोडली, नासिरला बोला. संचालक शेषेराव सर स्वतःचाच पासवर्ड विसरले, तरी नासिरलाच बोला! त्यात सरांचं नवं फर्मान निघालं, "नासिर, पालकाला इंग्रजी कळत न्हाई. मेल मराठीत धाड."

आता मराठी लिहिण्यात काय एवढं! त्या दिवशी वरच्या मजल्यावरचा सर्व्हर दुरुस्तीला बंद करायचा होता. नासिरनं सकाळीच झोकात लिहिलं, 'आज चार वाजता वरच्या मजल्यावरचा सर्व्हर बसणार आहे. सर्वांनी आपापलं आधीच काढून घ्यावं.' आणि दिलं पाठवून सगळ्या पालकांना.

औशाकडच्या एका खेड्यात नेटवाल्या शिवमनं तो मेल छापला. फॉन्टनं घात केला. 'सर्व्हर' तेवढा चौकोन-चौकोन उमटला, बाकी मजकूर अगदी स्वच्छ. भूकंपात ज्या गावाची झाडून सारी माळवदं बसली, त्या गावाला 'बसणार' म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. चतुराबाईनं कागद वाचून घेतला आणि वावरातून तशीच जीप गाठली.

दीड वाजता बाई क्लासच्या खालच्या मजल्यावरच्या मुलींच्या वसतिगृहाच्या दारात हजर. दोन वाजता तिची लेक उज्वला परीक्षेला बसणार होती. पहिली आली तर दोन वर्षं फुकट शिकवणी, नाहीतर बाडबिस्तरा घेऊन गावी.

"चल भाईर! गादी उचल!"

"आई, परीक्षा हाय गं!"

"मेल्यावर देतीस का परीक्षा?"

ते ऐकून आणखी दहा पोरी गाद्या घेऊन जिन्यात आल्या. नासिर धापा टाकत धावला. "अवो मावशी, बिल्डिंग न्हाई, मशीन बसणार हाय! मीच चुकीचं लिवलं. पोरीला पेपर देऊ द्या, हात जोडतो."

"मशीन जड हाय का?"

"हाय की थोडं..."

"मंग वरून पडल्यावर खालच्या लेकरायचं काय?"

बाईनं उज्वलाला गादीसकट जीपमध्ये घातलं. जीप गेली. परीक्षा झाली, जागा दुसऱ्याच पोरीला मिळाली. नासिरला अन्न गोड लागेना. आपल्या एका शब्दानं लेकराचं नुकसान झालं, हे काही केल्या मनातून जाईना. रविवारी तो माफी मागायला थेट गावात गेला.

"मावशी, माझ्यामुळं उज्वलाची जागा गेली. लई वाईट वाटायलंय."

चतुराबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला.

"उज्वलाच्या थोरल्या बहिणीच्या बारीला, माळवद बसलं तवा, कुणीच सांगितलं न्हवतं, भाऊ. तुमी सांगितलं. पुढच्या बारीलाबी असंच आधी कळवा."