घरगुती वापरासाठी नाही

झाडीपट्टीचं रडणं परदेशी जाऊ लागलं, तेव्हापासून तालुक्यात घरगुती कारणासाठी रडायला मनाई होती. तक्रार कुणाचीच नव्हती. पूर्वी इथून तांदूळ आणि तेंदूपानं बाहेर जात, आता हुंदके जात, आणि हुंदक्यांना भाव चांगला होता. फिनलंडसारख्या सुखी देशांत लोकांना आपलं आपण रडता येईनासं झालं होतं. तिथे बारशापासून मयतीपर्यंत झाडीपट्टीचाच माल चाले. रुपया ताठ उभा आहे तो आमच्या बायाबापड्यांच्या डोळ्यांवर, असं मंत्रीमहोदय भाषणात सांगत आणि टाळ्या घेत.

कौतिका निकुरेचा हुंदका पहिल्या प्रतीचा. धानकापणीनंतर गावोगाव होणाऱ्या नाटकांत तिसऱ्या अंकात ती रडली, की मंडपातले पोलीसपाटीलसुद्धा उपरण्यात तोंड लपवत. आता ती निर्यात केंद्राच्या काचेच्या खोलीत रडे. नाटकं चालूच होती. नवऱ्यानं टाकलेली नायिका कोरड्या डोळ्यांनी पुढे येऊन "मला फार वाईट वाटलं" असं सांगे, आणि प्रेक्षक देशहित ओळखून टाळ्या वाजवत.

अशात एका सकाळी कौतिकाचे वडील अंतूजी गेले. जन्मभर त्यांनी नाटकात पेटी वाजवली होती आणि लेकीला रडायला त्यांनीच शिकवलं होतं. नातेवाईक पोचायच्या आधी केंद्राचे अधिकारी देवस्थळी साहेब काळजीपोटी पोचले.

"फार वाईट झालं, बाई. पण जरा आवरा."

"आवरूनच बसली आहो जी."

"हा महिना पूर्ण फिनलंडला दिला आहे. एक थेंब इकडेतिकडे झाला तर देशाची पत जाते."

"साहेब, बाप माहा गेला. फिनलंडचा नाही गेला."

"त्यांचेही जात असतीलच की," देवस्थळी समजुतीनं म्हणाले. "आणि त्यांनी आधी सांगून ठेवलंय."

कौतिकानं बापाच्या तोंडावरची माशी हाकलली. "मंग याच्यासाठी कोण रडन?"

"ती सोय आहे. आयात करतो आपण."

केंद्राच्या गाडीतून आइनो नावाची गोरी बाई उतरली. माल पारखायला ती फिनलंडहून आलेली होती. तिला येणारं सगळं मराठी हुंदक्यांतून शिकलेलं. उंबऱ्यात येऊन ती म्हणाली, "अगा बाप्पा, पाणी देता का गा, पोरकी झाली मी!" शेजारणीनं पाणी दिलं. मग आइनो मयताजवळ मांडी घालून बसली आणि रीतसर रडू लागली.

रडणं स्वच्छ होतं. कौतिकाची मावशी जरा ऐकून म्हणाली, "गळा बरा आहे, पण नाकातून येते."

कौतिका ऐकत राहिली. आइनोनं "बापा" म्हटलं, मधेच श्वास घेतला आणि मग "कसा गेलास गा" म्हटलं. अंतूजींनी अशा ठिकाणी पेटी थांबवून खेळ बंद पाडला असता.

"थांब," कौतिका म्हणाली. "तिथं श्वास नको घेऊ. बाप गेला आहे, पाहुणा नाही."

"समजत नाही गा, अभागी मी!" आइनो नम्रपणे म्हणाली. "करून दाखव गा!"

सगळे देवस्थळींकडे बघू लागले. त्यांनी डोळे मिटून विचार केला. माणूस प्रामाणिक होता, नियमाबाहेर पाऊल टाकणारा नव्हता.

"स्वतः रडणं हा घरगुती वापर झाला," ते सावकाश म्हणाले. "परदेशी शिष्येला शिकवणं ही मात्र सेवा आहे. सेवांची निर्यात वाढवा असं वरून सारखं सांगतात. शिकवा, बाई. फक्त तोंड शिष्येकडे ठेवा."

कौतिकानं आइनोकडे तोंड केलं, बापाचा गार हात हातात घेतला आणि शिकवायला सुरुवात केली. "बापा" हा शब्द तिनं सोडलाच नाही, तो पोटातून वर आणत आणत पार मोडून टाकला. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. आइनोच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, तेव्हा तिला एकही मराठी शब्द आठवेना.

"परत एकदा," देवस्थळी हळूच म्हणाले.

कौतिकानं परत शिकवलं. अंगणातल्या बायांनी विचारलं, आम्हीही शिकायला बसलो तर चालेल का, आमची रडायची सवय मोडत चालली आहे. शिष्यसंख्या वाढली तर केंद्राला आनंदच आहे, असं उत्तर मिळालं. बाया बसल्या. तिरडी बांधणारे पुरुषही हातातली सुतळी ठेवून मागच्या रांगेत बसले. ऊन कलायला लागलं तरी अंतूजींना उचलायची घाई कुणी केली नाही.

मग देवस्थळींनी बूट काढले.

"बाई, आईसाठी वेगळं असतं का हो?"

"कधी गेल्या जी त्या?"

"मागच्या वर्षी. तेव्हा कोरियाची मोठी मागणी होती."

कौतिकानं सरकून त्यांना आपल्याजवळ जागा करून दिली.

"बसा जी साहेब. आधी पाठ सैल सोडा."