साडेतीन इंच मोकळी जागा

ज्या गावात पोराला कोणत्या बाकावर बसवायचं हे चाचणी घेऊन ठरतं, त्या गावात एखादं यंत्र चाचणीशिवाय विकत घेणं सुसंस्कृतपणाला शोभत नाही. आमचं लातूर सुसंस्कृत आहे. म्हणून सलीम मिस्त्रींनी आयुष्यातलं पहिलं सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन) घ्यायचं ठरवलं, तेव्हा गल्लीने ताबडतोब सात जणांची निवड समिती नेमली. सातांपैकी एकानेही राउटर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे निर्णय निःपक्षपाती होणार याची खात्री होती. मी सचिव.

मशीनची गरज वादातीत होती. आमच्या गल्लीत मूल अकरावी सायन्सला गेलं की दारावर त्याच्या नावाची सागवानी पाटी लागते. नावाच्या आधी साडेतीन इंच जागा मोकळी ठेवतात. निकाल लागला की तिथे ‘डॉ.’ कोरून घ्यायचं. (आजवर लागलेल्या पाट्या: दोनशे बारा. भरून घेतलेल्या: नऊ. बाकीच्यांचे प्रयत्न सुरू आहेत. त्यातल्या एकाला नातू झाला.) मिस्त्रींच्या हाताला एका पाटीमागे दीड दिवस लागायचा आणि क्लासेस तर दर जूनला वाढत होते.

मिस्त्रींची मुलगी जेबा. डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेचे तिचे दोन प्रयत्न झाले होते. दुसऱ्या निकालानंतर ती दुकानात बसून संगणकावर वेलबुट्ट्या काढायची, आणि चांगल्या काढायची. तिला मशीन चालवायचं होतं. तसं तिने बापाला सांगितलंही. ‘मशीन तर येऊ दे, मग बघू,’ असं मिस्त्री म्हणाले होते. घरातल्या मोठ्या माणसाने ‘बघू’ म्हटलं की प्रश्न निकाली निघालेला असतो, हे तिला विसाव्या वर्षीही माहीत नव्हतं.

समिती जीप करून हैदराबादला गेली आणि तिथे तीन मशीनं चालू अवस्थेत पाहिली. माहितीपत्रकातली अचूकतेची टक्केवारी बघून आम्ही तिथल्या तिथे गुणवत्ता यादी लावली: पहिलं ९९.९८, दुसरं ९९.४, तिसरं ९७. काम खरं तर इथेच संपलं होतं. पण जेबा विक्रेत्यांना विचारत सुटली. कोरणारी मोटर पाण्याने थंड होते की हवेने, भुसा ओढून घ्यायची सोय काय, एखादा भाग मोडला तर लातूरला किती दिवसांत येईल. पहिल्या दोघांनी चहा मागवला. तिसऱ्याने उत्तरं दिली, त्यामुळे तो जरा गरजू वाटला. (इतिवृत्तात नोंद: ‘मुलगी मध्ये मध्ये बोलते.’)

दुसरा व्यत्यय समितीतल्याच महादेवप्पांचा. हे निवृत्त तलाठी. भूकंपात गाव गेल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं काढलेले. तिथे लोक उशाशी फुलपात्रावर फुलपात्र उपडं रचून ठेवायचे. जमीन हलली की खणखणाट व्हायचा. अप्पांच्या पिशवीत आजही दोन फुलपात्रं असतात. ती त्यांनी प्रत्येक चालू मशीनच्या टेबलावर रचली. पहिल्यावर पडली. दुसऱ्यावर पडली. तिसऱ्यावर उभीच राहिली.

“हे हलत न्हाई,” अप्पा म्हणाले. “जे हलतंय त्याचे टक्के मला सांगू नका.”

“अब्बा, हेच घ्या,” जेबा म्हणाली. “बॉडी हलली की लाईन फाटते.”

मिस्त्रींनी तिसऱ्या मशीनवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि होकार दिला. सत्त्याण्णव टक्क्यांना प्रवेश! समितीने बहुमताने निषेध केला आणि इतिवृत्तात ‘व्यवस्थापन कोट्यातून’ असं लिहून विषय संपवला.

मशीन आलं. जेबाने ते आठवडाभरात जोडून चालू केलं. उद्घाटनाला एका क्लासच्या सरांनी नारळ फोडला आणि मिस्त्रींनी घोषणा केली, “पहिली पाटी आमच्याच घरची. जेबाची. ह्या साली तिसऱ्यांदा परीक्षेला बसतीय ती. ‘डॉ.’ आत्ताच कोरून टाकू, नियत साफ हाय.”

जेबाला ही बातमी आमच्याबरोबरच कळली. तिने संगणकाच्या पडद्यावर काही बदललं आणि कळ दाबली. मशीन अकरा मिनिटं चाललं. अप्पांची फुलपात्रं उभीच होती. भुसा झटकला तर पाटीवर अगदी मधोमध, दोन्हीकडे सारखं अंतर सोडून, सुंदर अक्षरांत ‘जेबा सलीम’. ‘डॉ.’ नव्हतं. मोकळी जागाही नव्हती.

“सत्त्याण्णववालं घेतलं की असंच व्हायचं,” सर म्हणाले.

“मशीन बरोबर हाय,” जेबा म्हणाली. “मीच न्हाई घातलं ते. मला हे मशीन चालवायचं हाय, अब्बा.”

हे विधान मशीनच्या बचावासाठी केलेलं असल्याने समितीने ते अग्राह्य ठरवलं.

मिस्त्रींनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. चाळीस वर्षं लाकडात घालवलेला माणूस. त्याला कळलं नाही असं मी तरी म्हणणार नाही. मग पोरीकडे न बघता ते म्हणाले, “मशीन खराब हाय.”

मला फार वाईट वाटलं. (इतिवृत्तात नोंद नाही.) अप्पांनी फुलपात्रं पिशवीत घातली आणि ते घरी गेले.

हैदराबादहून कंपनीचा माणूस आला. त्याने दोन दिवस तपासलं, दोष सापडला नाही. म्हणजे दोष खोलवरचा आहे हे सिद्ध झालं. सध्या मशीनवर जुनी चादर आहे. जेबा सकाळी सहाच्या बॅचला जाते. मिस्त्री पुन्हा हाताने कोरतात, म्हणून तुमच्या पाटीला उशीर होतो आहे, रागावू नका. लाकूड, मुलाचं नाव, साडेतीन इंच जागा, पाटीसाठीच्या तुमच्या अर्जात सगळं व्यवस्थित भरलेलं आहे. ‘मुलाला विचारलं का?’ असा एक रकाना त्यात होता. तो तुमच्यासह सगळ्यांनीच कोरा सोडल्यामुळे पुढच्या छपाईत वगळला आहे.