दोन सूत जास्त

२००३ सालची ही गोष्ट. परीक्षा संपल्यावर बाइंडरच्या मुलीने वडिलांकडे जन्मात पहिल्यांदा काहीतरी बनवून मागितलं. तिच्या पत्त्यांसाठी एक पेटी.

बाइंडर हरखला. वरून कापड, आतून मखमल, झाकणावर सोनेरी रेघ. मापाला त्याने घरातलाच रमीचा जोड घेतला. पेटी देखणी झाली, फक्त मुलीचे पत्ते तीत बसेनात. उंचीला दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त भरत होते. दुसऱ्या कुणी पेटी नवी केली असती. पण बाइंडरच्या हाताला तीस वर्षं एकच वळण लागलेलं, पुठ्ठ्याबाहेर येईल ते कापायचं. त्याने साठही पत्ते ठोकून एकसारखे केले, कटिंग मशीनखाली सरकवले आणि दांडा ओढला. कड अशी आली की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

"बाबा, ही कार्डं लहान का दिसताहेत?"

"बसत नव्हती गं. जरा सारखी केली."

मुलगी मटकन खाली बसली.

कारण ते पत्ते रमीचे नव्हते. प्रत्येकाने आपापले साठ पत्ते जमवायचे आणि स्पर्धेत एकमेकांशी भिडायचं, असा तो खेळ. काही पत्ते चिल्लरीत मिळत, काही सोन्याच्या भावात. गेल्या वर्षी जिंकलेल्याकडे चार अग्निड्रॅगन होते, म्हणून यंदा झाडून सगळ्यांकडे चार अग्निड्रॅगन. कुणाचाही डाव बघा, सारखाच. मुलीने वर्षभर शिकवण्या करून आपले चार घेतले होते. रविवारी स्पर्धा होती, आणि कापलेला पत्ता स्पर्धेत बाद.

"ड्रॅगनची हजामत केलीस होय रे?" बाइंडरची थोरली बहीण, म्हणजे मुलीची आत्या, स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता बस चिकटवत!"

ती टोमणा मारत होती, पण बाइंडरने खरंच टोपलीतून कातरण वेचलं आणि खळ घेऊन बसला. संध्याकाळपर्यंत एक ड्रॅगन पुन्हा उंचीला आला. शेपूट मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी लागलं होतं. ते बघून मुलीने वडिलांशी बोलणंच टाकलं.

"आत्या, त्यांना सांग, मीठ इकडे द्या म्हणावं."

ते 'त्यांना' बाइंडरला झोंबलं. सकाळी तो पत्त्यांच्या दुकानात गेला. चार ड्रॅगनची किंमत ऐकून तिथल्या स्टुलावर टेकला.

"अहो, एवढ्यात मी अख्ख्या शाळेची पुस्तकं बांधून देईन!"

"मग पुस्तकंच बांधा, काका."

"त्या खोक्यात काय आहे?"

"बेडूक. फुकट दिले तरी कुणी घेत नाही."

बाइंडरने खोका उचलून वजनाचा अंदाज घेतला. "किलोने काय भाव?"

दुकानदार हसून हसून लाल झाला, आणि रद्दीच्या भावात खोका देऊन टाकला.

"आत्या, त्यांना सांग, बेडूक घेऊन कुणी स्पर्धेला जात नाही."

बाइंडरने तोवर खोका घरातल्या जमिनीवर ओतलाही होता. छापलेलं काहीही हाती आलं की वाचल्याशिवाय त्याला राहवत नसे. तो एकेक पत्ता डोळ्यांजवळ धरून वाचू लागला. "हा बेडूक जळाल्यास त्या जागी दोन बेडूक येतात..."

मुलीने मान वर केली. "परत वाचा."

"जळाल्यास दोन येतात."

"आणि तुमचा तो ड्रॅगन काय करतो गं?" आत्याने विचारलं.

"जाळतो," मुलगी सावकाश म्हणाली. "दुसरं काहीच करत नाही." मग ती उठून वडिलांशेजारी आली. "बाबा, सरका जरा."

रविवारी ती बेडूक घेऊन एकेक फेरी जिंकत गेली. शेवटचा सामना दातांच्या डॉक्टरांशी पडला. डॉक्टर गेल्या वर्षीचे विजेते. ते सर्वांत महागडे पत्ते बाळगून होते.

"माझ्या दाढांचेच ड्रॅगन झालेत ते," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

डॉक्टरांचा वर्षभराचा सराव ड्रॅगनविरुद्धचा. बेडूक कुणी बघितलाय? "हा काय करतो?" त्यांनी पत्ता उलटसुलट करत विचारलं.

"लिहिलंय त्यावर," मुलगी म्हणाली.

त्यांनी वाचलं, पण हातात सगळी आगच होती. जाळलं. दोन झाले. ते जाळले, चार झाले. थोड्याच वेळात टेबलावर हात ठेवायला जागा उरली नाही.

"आता काय करू?" ते कसनुसं हसत म्हणाले.

"आणखी आ करा, डॉक्टर," आत्या म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात दुकानदार बाइंडरच्या दारात हजर. सगळ्यांना बेडूक हवे होते, भाव ड्रॅगनच्या वर गेला होता. "काका, खोक्यात उरलेले बेडूक? मागाल ती किंमत देतो."

"अरेरे," बाइंडर म्हणाला. "वाचनालयाची पुस्तकं आली होती हो. पाठीला आतून लावायला चांगला जाड कागद हवाच होता."

या खेपेला स्टुलावर टेकायची पाळी दुकानदाराची होती.

पुढे त्याने फक्त चिल्लरीतल्या पत्त्यांची वेगळी स्पर्धा सुरू केली. तिला सगळ्यांत जास्त गर्दी होते, आणि एकाचा डाव दुसऱ्यासारखा नसतो. डॉक्टरांनी महागडे बेडूक घेतले, तोवर लोकांनी जाळणं सोडलं होतं. आत्याची कवळी त्यांनी एक पैसा न घेता बसवली, आणि आत्या त्याच कवळीने शेवटपर्यंत टोमणे मारत राहिली. वाचनालयातली पुस्तकं बेडकांसकट अजून मजबूत आहेत.

मुलगी आता असे खेळ स्वतःच तयार करते. तिच्या टेबलावर ती पेटी असते. एकोणसाठ पत्ते तीत नेमके बसतात. साठावा, परक्या शेपटाचा ड्रॅगन, दोन सूत वर डोकावतो. म्हातारा बाइंडर तिच्याकडे आला की त्याचा हात शिवशिवतो. मग ती पेटी उचलते आणि वरच्या फळीवर ठेवून देते.