निम्म्यावर अडलेला झेंडा

इंग्लंडच्या रक्षक संताच्या, सेंट जॉर्जच्या सणादिवशी सकाळी नॉर्मन थ्वेटने दोरी ओढली आणि लाल क्रूसाचा पांढरा झेंडा नव्याकोऱ्या काठीवर निम्म्यापर्यंत दिमाखात चढला. तिथे जो अडला, तो अडलाच. गेल्या वर्षी त्याने खिडकीत झेंडा लावला, तेव्हा समोरच्या पबवाल्या क्लाइव्हने "वा, टॉवेल छान वाळतोय!" म्हणून गावभर हसं केलं होतं. ते नॉर्मनच्या फार जिव्हारी लागलं होतं. यंदा आपला झेंडा क्लाइव्हच्या झेंड्यापेक्षा हातभर उंच फडकलाच पाहिजे, एवढ्यासाठी त्याने बागेत स्वतःच्या हाताने काठी रोवली होती.

"कुणाला तरी बोलाव ना मदतीला," बायको बेरिल खिडकीतून म्हणाली.

"म्हणजे क्लाइव्हला आयतं कोलीत! शिडी आणतो मी."

शिडीवर शेडमधला सगळा अडगळीचा संसार रचलेला होता. तो उपसून नॉर्मन बाहेर येतो, तर समोर पबचाही झेंडा निम्म्यावर! त्याने पटकन टोपी काढली.

"कोण गं गेलं?"

"मला काय ठाऊक? विचार की क्लाइव्हला."

"असं कसं विचारायचं? गावातलं माणूस गेलं आणि आपल्याला पत्ता नाही? काय शोभा होईल!"

नेमक्या याच कारणाने क्लाइव्हनेही नॉर्मनला विचारलं नव्हतं. पाद्रीबाईंनी दोन झेंडे उतरलेले पाहिले आणि काही न विचारता चर्चचाही उतरवला. मग काय, सणाचा लोकनाच करायला आलेल्या मॉरिस नाचवाल्यांनी पायातले घुंगरू सोडून खिशात टाकले आणि सारं गाव हिरवळीवर मुकाट जमलं.

"फार अचानक झालं," एकजण पुटपुटला.

"हो ना. पण सुटका झाली म्हणायची."

नाव मात्र कुणी काढेना. पाद्रीबाईंनी मौन सुरू केलं, आणि तेवढ्यात, निदान दोरी मोकळी करावी म्हणून शिडीवर चढलेल्या नॉर्मनच्या हातून कप्पीतली गाठ सुटली. सर्रकन झेंडा टोकाला गेला, झोकात फडफडू लागला. अख्खं गाव वळून बघायला लागलं. एक म्हातारी खोकली, आणि त्या खोकल्यानेच नॉर्मनचे कान लाल झाले.

क्लाइव्ह तरातरा कुंपणापाशी आला. "नॉर्मनराव, आजच्या दिवशी असं? सकाळी तुमचा उतरलेला बघून तर मी माझा उतरवला!"

नॉर्मनला उमगलं, कुणी गेलंच नव्हतं. खरं सांगावं, तर टॉवेलाचा किस्सा त्यापुढे फिका पडणार. वर्षभर वाट पाहिलेल्या झेंड्याकडे त्याने एकदा डोळे भरून पाहिलं.

"वाऱ्याने गेला रे वर," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने त्याने झेंडा पुन्हा निम्म्यावर आणला. या वेळी मेला कुठेही अडला नाही!

क्लाइव्हचा आवाज हळवा झाला. "काही म्हण, सगळ्यांच्या आधी तुझा झेंडा उतरला. मानलं तुला. चल, पाद्रीबाई म्हणतायत, चार शब्द तूच बोल."

हिरवळीवर सगळ्यांच्या नजरा नॉर्मनवर. बेरिल पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी. नॉर्मनने घसा खाकरला.

"मी काय वेगळं सांगणार?" तो म्हणाला. "तुम्ही सगळे ओळखतच होतात."

अख्ख्या गावाने जड मनाने मान डोलावली.